केले आणि केले आहे : इंग्रजी बोलण्यातील एक भेद

पुढची दोन वाक्ये सावकाश वाचा. मोठ्याने वाचलीत तर अधिक बरे.

माय मदर हॅड फीवर फॉर थ्री डेज.
माय मदर हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज.

दोन्ही वाक्यांत आई आहे, ताप आहे आणि तीन दिवस आहेत. फरक आहे तो एका 'हॅज'चा. पण त्या एका शब्दाने अर्थ पार बदलतो. पहिले वाक्य सांगते की, आईला तीन दिवस ताप होता. आता तो गेला. दुसरे वाक्य सांगते की, आईला तीन दिवसांपासून ताप आहे. आत्ता या घटकेलाही तिचे अंग तापलेले आहे.

मराठी न समजणाऱ्या डॉक्टरापुढे तुम्ही आईला घेऊन बसला आहात. तुम्ही पहिले वाक्य बोललात. डॉक्टर शांत असेल तर आणखी दोन प्रश्न विचारून खरे काय ते काढून घेईल. पण दवाखान्यात गर्दी असली, डॉक्टर घाईत असला, तर तो समजेल की ताप उतरला. बिचारी आई तापाने फणफणत असेल आणि कागदावर भलतेच लिहिले जाईल.

म्हणून आज आम्ही हा एकच विषय घेतला आहे. इंग्रजीत 'केले' कुठे म्हणावे आणि 'केले आहे' कुठे म्हणावे? आणि काल, आज, अजून, तीन दिवसांपासून, अशा काळाच्या शब्दांबरोबर कोणते रूप जुळते? व्याकरणात 'केले आहे' या रूपाला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. रूप विसरू नका.

इंग्रजी वाक्ये आम्ही देवनागरीतच दिली आहेत. आधी कान आणि जीभ तयार होऊ द्या. इंग्रजी अक्षरे मागून येतील.

रूप कसे बनते?

प्रत्येक इंग्रजी क्रियापदाची तीन रूपे पाठ करावी लागतात. त्याला इलाज नाही. नेहमी लागणारी काही रूपे अशी :

गो – वेंट – गॉन (जाणे)
कम – केम – कम (येणे)
ईट – एट – ईटन (खाणे)
टेक – टुक – टेकन (घेणे)
सी – सॉ – सीन (पाहणे)
राइट – रोट – रिटन (लिहिणे)
पे – पेड – पेड (पैसे देणे)
लूज – लॉस्ट – लॉस्ट (हरवणे)
हॅव – हॅड – हॅड (जवळ असणे)
वर्क – वर्क्ड – वर्क्ड (काम करणे)

'केले' म्हणायचे तर दुसरे रूप घ्या : आय पेड द रेंट. मी भाडे दिले.
'केले आहे' म्हणायचे तर 'हॅव' घेऊन तिसरे रूप जोडा : आय हॅव पेड द रेंट. मी भाडे दिले आहे.

आय, वी, यू, दे यांच्याबरोबर 'हॅव' येतो. ही, शी, इट यांच्याबरोबर 'हॅज' येतो. बोलताना इंग्रज माणूस 'आय हॅव'चे 'आय'व्ह' करतो आणि 'शी हॅज'चे 'शी'ज' करतो. हा आवाज फार बारीक असतो. ऐकताना कान तिथे ठेवा.

आता कोणी विचारील, "अहो गुरुजी, 'हॅव' म्हणजे तर जवळ असणे. मग तो इथे कशाला आला?" प्रश्न रास्त आहे. हजार वर्षांहून जुन्या इंग्रजीत अशा वाक्याचा अर्थ खरोखरच तसा होता : 'माझ्याजवळ लिहिलेले पत्र आहे.' पुढे त्याचाच अर्थ 'मी पत्र लिहिले आहे' असा झाला. म्हणजे काम मागे झाले, पण त्याचे फळ आज माझ्या हातात आहे. 'हॅव'चे सारे मर्म यातच आहे. 'हॅव' आला की गोष्ट आजशी बांधलेली असते. आय हॅव लॉस्ट माय टिकेट, याचा अर्थ तिकीट हरवले आणि अजून सापडले नाही.

पहिला भेद : सरलेल्या वेळेबरोबर 'हॅव' नको

मराठीत आपण म्हणतो, "पाहुणे काल आले आहेत." बोलणे शुद्ध आहे. पाहुणे काल आले, आज घरात आहेत, हे दोन्ही त्यात येते. पण हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत केले की चुकते. 'दे हॅव कम यस्टरडे' असे इंग्रजीत म्हणत नाहीत. म्हणायचे असे : दे केम यस्टरडे.

असे का? कारण 'यस्टरडे' म्हणजे काल. काल संपला. इंग्रजी भाषेची चाल अशी की, वाक्यात सरलेली वेळ सांगितली की 'हॅव'ने आजशी घातलेली गाठ सोडायची. एका वाक्यात दोन्ही राहत नाहीत.

सरलेली वेळ सांगणारे शब्द हे :

यस्टरडे – काल
लास्ट नाइट – काल रात्री
लास्ट वीक, लास्ट मंथ, लास्ट इयर – गेला आठवडा, गेला महिना, गेले वर्ष
टू डेज अगो – दोन दिवसांपूर्वी
ऑन मंडे – सोमवारी
ॲट टेन ओ'क्लॉक – दहा वाजता
इन १९६० – १९६० साली
व्हेन आय वॉज अ चाइल्ड – मी लहान होतो तेव्हा

यांपैकी सरलेल्या वेळेचा कोणताही शब्द आला की दुसरे रूप वापरा. इतिहासातली उदाहरणे पाहा म्हणजे नियम पक्का बसेल.

जोतीराव अँड सावित्रीबाई फुले ओपन्ड अ स्कूल फॉर गर्ल्स इन पुणे इन १८४८.
महाराष्ट्र बिकेम अ स्टेट ऑन द फर्स्ट ऑफ मे, १९६०.
चंद्रयान-३ लँडेड ऑन द मून ऑन द ट्वेंटी-थर्ड ऑफ ऑगस्ट, २०२३.

साल आले, तारीख आली, 'हॅव' गेला.

प्रश्न विचारतानाही हेच. 'व्हेन' म्हणजे केव्हा. 'व्हेन' विचारले म्हणजे सरलेली वेळच विचारली. म्हणून 'व्हेन हॅव यू कम?' म्हणू नका. व्हेन डिड यू कम? असे विचारा. 'डिड' आला की क्रियापद पहिल्या रूपावर येते. 'डिड यू केम' चालत नाही.

वार्ता आधी, तपशील मागून

मग 'हॅव' कुठे वापरायचा? जिथे वेळ सांगायची नाही, नुसती वार्ता सांगायची, तिथे.

२० जुलै १९६९ रोजी अमेरिकेचे 'ईगल' नावाचे यान चंद्रावर उतरले. त्यात नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन हे दोघे होते. यान उतरताच आर्मस्ट्राँगने पृथ्वीवर निरोप दिला : 'द ईगल हॅज लँडेड.' ईगल उतरले आहे. तो 'लँडेड' एवढेच म्हणाला नाही, 'हॅज लँडेड' म्हणाला. यान आत्ता चंद्रावर उभे आहे, आम्ही सुखरूप आहोत, हे त्या 'हॅज'मध्ये आले. आज आपण ती हकिगत सांगू ती अशी : द ईगल लँडेड ऑन द मून इन १९६९. साल आले, म्हणून 'हॅज' गेला.

रोजच्या बोलण्यातही असेच चालते. आधी वार्ता 'हॅव'ने. मग केव्हा, कुठे, कसे, हा तपशील दुसऱ्या रूपाने. समजा, एका बाईंचा रेल्वेचा पास हरवला. त्या कचेरीत गेल्या.

बाई : सर, आय हॅव लॉस्ट माय पास. (साहेब, माझा पास हरवला आहे.)
बाबू : व्हेन डिड यू लूज इट? (केव्हा हरवला?)
बाई : आय लॉस्ट इट लास्ट नाइट. (काल रात्री हरवला.)
बाबू : व्हेअर डिड यू लूज इट? (कुठे हरवला?)
बाई : ॲट कल्याण स्टेशन. (कल्याण स्टेशनात.)

'हॅव' एकदाच आला, तोही दार उघडायला. पुढचे सारे 'डिड' आणि 'लॉस्ट'वर भागले. ही चाल ध्यानात ठेवा, फार उपयोगी आहे.

दुसरा भेद : अजून न सरलेली वेळ

टुडे, धिस वीक, धिस मंथ, धिस इयर, म्हणजे आज, हा आठवडा, हा महिना, हे वर्ष. या वेळा अजून चालू आहेत. म्हणून यांच्याबरोबर 'हॅव' खुशाल येतो.

आय हॅव पेड द फीज धिस मंथ. या महिन्याची फी मी भरली आहे.
शी हॅज नॉट कम टुडे. ती आज आलेली नाही.

आता एक गंमत पाहा. 'धिस मॉर्निंग' म्हणजे आज सकाळ. सकाळचे दहा वाजले आहेत आणि तुम्ही पोस्टमनची वाट पाहत आहात. तर विचाराल : हॅज द पोस्टमन कम धिस मॉर्निंग? दुपारचे चार वाजले, तर सकाळ सरली. मग विचाराल : डिड द पोस्टमन कम धिस मॉर्निंग? शब्द तेच, दिवस तोच. फक्त सूर्य माथ्यावरून खाली आला आणि वाक्य बदलले.

काही लहान शब्दही 'हॅव'चे सोबती आहेत. जस्ट म्हणजे आत्ताच. ऑलरेडी म्हणजे आधीच. यट म्हणजे अजून. एव्हर म्हणजे कधी तरी. नेव्हर म्हणजे कधीच नाही. सो फार म्हणजे आतापर्यंत.

मराठीत 'मी आत्ताच जेवलो' यात 'आहे' नाही. इंग्रजीत मात्र 'हॅव' घाला : आय हॅव जस्ट ईटन. 'जेवलास का?' याला म्हणा : हॅव यू ईटन? 'अजून नाही' याला म्हणा : नॉट यट.

हॅव यू एव्हर सीन द सी? तुम्ही कधी समुद्र पाहिला आहे का?
आय हॅव नेव्हर सीन द सी. मी समुद्र कधीच पाहिलेला नाही.
आय हॅव पेड सिक्स इन्स्टॉलमेंट्स सो फार. मी आतापर्यंत सहा हप्ते भरले आहेत.

हे शब्द कुठे बसतात तेही पाहून घ्या. जस्ट, ऑलरेडी, एव्हर, नेव्हर हे मध्ये बसतात, तिसऱ्या रूपाच्या आधी. यट आणि सो फार बहुधा शेवटी बसतात. एक अपवाद सांगून ठेवतो. 'जस्ट' एकटा असला तर 'हॅव' : ही हॅज जस्ट लेफ्ट. 'जस्ट नाउ' असे दोन शब्द आले तर दुसरे रूप : ही लेफ्ट जस्ट नाउ. अर्थ दोन्हींचा एकच : तो आत्ताच गेला.

औषधाच्या बाबतीत हा भेद जपला पाहिजे. नर्स विचारते, "हॅव यू टेकन द टॅबलेट टुडे?" ती आजची गोळी विचारते आहे. घेतली असेल तर म्हणा : येस, आय हॅव. घेतली नसेल तर म्हणा : नॉट यट. ती विचारते, "डिड यू टेक द टॅबलेट लास्ट नाइट?" ही कालची गोळी. उत्तर : येस, आय डिड, किंवा नो, आय डिडन्ट. कालच्या गोळीचे उत्तर आजच्या प्रश्नाला दिले तर एखादी गोळी चुकेल, नाहीतर दुप्पट पोटात जाईल.

गॉन आणि बीन

इथेच आणखी एक जोडी सांगतो. समजा, दारात एक माणूस आला आणि घरधन्याची चौकशी करू लागला.

ही हॅज गॉन टु नाशिक. ते नाशिकला गेले आहेत. म्हणजे घरी नाहीत.
ही हॅज बीन टु नाशिक. ते नाशिकला जाऊन आले आहेत. म्हणजे नाशिक त्यांनी पाहिले आहे, आणि आता परत आले आहेत.

'गॉन' म्हणजे गेला, तिकडेच आहे. 'बीन' म्हणजे गेला आणि आला. पाहुण्याला 'बीन' म्हणालात तर तो 'मग बोलवा की त्यांना' म्हणून ओसरीवर बसून राहील!

तिसरा भेद : 'पासून'चे वाक्य

आता सर्वांत मोठ्या चुकीकडे येऊ. मराठीत आपण म्हणतो, "मी दहा वर्षांपासून इथे काम करतो." 'करतो' हा साधा वर्तमानकाळ. म्हणून आपली माणसे इंग्रजीत म्हणतात, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स.' आपल्या देशात हे वाक्य जागोजाग ऐकू येते. समजते सगळ्यांना. पण शुद्ध इंग्रजीत ते बसत नाही. शुद्ध वाक्य असे :

आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स.

किंवा, काम चालूच आहे यावर भर द्यायचा असेल तर :

आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स.

काम मागे सुरू झाले आणि आजवर चालू आहे. मागचे आणि आजचे बांधायचे असले की इंग्रजीला 'हॅव' लागतोच.

आता 'फॉर' आणि 'सिन्स' यांतला भेद. गोठ्यात बांधलेली गाय डोळ्यांपुढे आणा. खुंटा कुठे ठोकला आहे, ते 'सिन्स' सांगतो. दावे किती लांब आहे, ते 'फॉर' सांगतो.

खुंटा म्हणजे सुरुवातीचा क्षण : सिन्स मंडे, सिन्स मॉर्निंग, सिन्स जून, सिन्स २०१५, सिन्स माय मॅरेज.
दावे म्हणजे मधला काळ : फॉर थ्री डेज, फॉर टू अवर्स, फॉर सिक्स मंथ्स, फॉर टेन इयर्स.

म्हणून 'सिन्स टेन इयर्स' चूक. दहा वर्षे हा खुंटा नव्हे, ते दावे आहे. सिन्स २०१५ म्हणा, नाहीतर फॉर टेन इयर्स म्हणा.

मुंबई हॅज बीन द कॅपिटल ऑफ महाराष्ट्र सिन्स १९६०. मुंबई १९६० पासून महाराष्ट्राची राजधानी आहे.
इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग. सकाळपासून पाऊस पडतो आहे.
शी हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज. तिला तीन दिवसांपासून ताप आहे.

इथे कोणी म्हणेल, "थांबा. पहिल्या वाक्यात १९६० साल आहे. साल आले की 'हॅव' जातो, असे तुम्हीच सांगितले." शंका चांगली आहे. 'इन १९६०' म्हणजे १९६० च्या पोटात. ते वर्ष सरले. 'सिन्स १९६०' म्हणजे १९६० पासून आजपर्यंत. त्याचे दुसरे टोक आपल्या पायाशी आहे. म्हणून साल पाहू नका, सालाच्या आधीचा लहान शब्द पाहा.

दावे सोडले तर

'फॉर' मात्र दोन्हीकडे चालतो आणि धोका तिथेच आहे. गाय सुटली तरी दाव्याची लांबी तीच राहते.

आय हॅव वर्क्ड इन धिस मिल फॉर टेन इयर्स. मी या गिरणीत दहा वर्षे काम करीत आहे. (अजून नोकरीत आहे.)
आय वर्क्ड इन धिस मिल फॉर टेन इयर्स. मी या गिरणीत दहा वर्षे काम केले. (आता नोकरीत नाही.)

नोकरीसाठी मुलाखतीला गेलात आणि पहिल्याऐवजी दुसरे वाक्य बोललात, तर समोरचा साहेब लगेच विचारील, "व्हाय डिड यू लीव्ह?" नोकरी का सोडलीत? तुम्ही सोडलेलीच नाही! तुम्ही गोंधळाल. साहेबाला वाटेल, हा काहीतरी लपवतो आहे. दहा वर्षांचा इमान एका शब्दासाठी संशयात पडेल.

प्रश्न ऐकतानाही कान उघडे ठेवा.

हाऊ लाँग हॅव यू लिव्हड हिअर? तुम्ही इथे किती दिवसांपासून राहता?
हाऊ लाँग डिड यू लिव्ह देअर? तुम्ही तिथे किती दिवस राहिलात?

पहिला प्रश्न आजच्या घराचा. दुसरा मागे सोडलेल्या घराचा. कर्जाच्या किंवा रेशनकार्डाच्या कामात दोन्ही उत्तरे लागू शकतात. ती एकमेकांच्या जागी पडू देऊ नका.

थोरांविषयी बोलतानाही हेच पाहावे. सचिन तेंडुलकर १९८९ ते २०१३ भारताकडून खेळले. तो खेळ थांबला, म्हणून : सचिन प्लेड फॉर इंडिया फॉर ट्वेंटी-फोर इयर्स. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९५६ साली निधन झाले. म्हणून 'डॉ. आंबेडकर हॅज रिटन मेनी बुक्स' असे म्हणत नाहीत. डॉ. आंबेडकर रोट मेनी बुक्स, असे म्हणतात. लेखक हयात असेल, त्याची लेखणी चालू असेल, तर 'हॅज रिटन' शोभते.

लाजू नका

हे सारे वाचून कोणाला वाटेल, केवढी ही कटकट! मराठीत किती सोपे आहे! तर एक गोष्ट सांगतो. 'मी त्याला काल पाहिले आहे' या धर्तीचे वाक्य फ्रेंच माणूस रोज बोलतो. जर्मन माणूसही बोलतो. त्यांच्या भाषेत ते शुद्ध आहे. म्हणून इंग्रजी शिकताना तेही आपल्यासारखेच इथे अडखळतात. तेव्हा हा काही आपल्या बुद्धीचा दोष नव्हे. प्रत्येक भाषेची चाल निराळी. पाहुण्या घरी गेले की त्या घरची रीत पाळावी, एवढेच.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही थोडा फरक आहे. इंग्रज म्हणतो, 'हॅव यू ईटन यट?' अमेरिकन माणूस पुष्कळदा म्हणतो, 'डिड यू ईट यट?' इंग्रज म्हणतो, 'आय हॅव ऑलरेडी ईटन.' अमेरिकन म्हणतो, 'आय ऑलरेडी एट.' अमेरिकन सिनेमात असे ऐकलेत तर घोटाळून जाऊ नका. पण 'यस्टरडे'बरोबर 'हॅव' घालायचा नाही, हे दोघांनाही मान्य आहे.

आणि दुसरा कोणी चुकला तर त्याला हसू नका. हसल्याने माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसलेला माणूस कोणतीच भाषा शिकत नाही.

बोलण्याआधी मनाशी तीन प्रश्न विचारा.

एक : मी सरलेली वेळ सांगतो आहे का? असेल तर दुसरे रूप. आय केम यस्टरडे.
दोन : वेळ न सांगता नुसती वार्ता सांगतो आहे का, किंवा वेळ अजून चालू आहे का? असेल तर हॅव. आय हॅव कम. आय हॅव पेड धिस मंथ.
तीन : गोष्ट मागे सुरू होऊन अजून चालू आहे का? असेल तर हॅव, आणि सोबत सिन्स किंवा फॉर. आय हॅव लिव्हड हिअर सिन्स २०१५.

पहिले काही दिवस उत्तर यायला वेळ लागेल. लागू द्या. सवयीने जिभेला वळण पडते.

अभ्यास

खालची वाक्ये इंग्रजीत म्हणा. आधी स्वतः म्हणा, मग उत्तरे पाहा. घरात कोणी शाळेत जाणारे असेल तर त्याला समोर बसवा आणि दोघे मिळून करा.

१. मी वीजबिल भरले आहे.
२. मी वीजबिल सोमवारी भरले.
३. माझा मुलगा पुण्याला गेला आहे. (घरी नाही.)
४. माझा मुलगा पुण्याला जाऊन आला आहे.
५. तुम्ही केव्हा आलात?
६. मला दोन दिवसांपासून खोकला आहे.
७. मला गेल्या आठवड्यात दोन दिवस खोकला होता.
८. आम्ही २०१८ पासून या घरात राहतो.

उत्तरे :

१. आय हॅव पेड द इलेक्ट्रिसिटी बिल.
२. आय पेड द इलेक्ट्रिसिटी बिल ऑन मंडे.
३. माय सन हॅज गॉन टु पुणे.
४. माय सन हॅज बीन टु पुणे.
५. व्हेन डिड यू कम?
६. आय हॅव हॅड अ कफ फॉर टू डेज.
७. आय हॅड अ कफ फॉर टू डेज लास्ट वीक.
८. वी हॅव लिव्हड इन धिस हाऊस सिन्स २०१८.

आठांपैकी पाच बरोबर आली तर ठीक आहे. सहावे आणि सातवे वाक्य मात्र चुकू देऊ नका. ती दोन बिनचूक येईपर्यंत रोज एकदा म्हणा. घरात दुखणे आले की तीच दोन वाक्ये आधी लागतात.